एलियन प्रजाती आणि तिची ताऱ्यांमध्ये पसरलेली सभ्यता कशी रचायची: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

माझ्याकडे वाचायला येणाऱ्या बहुतेक एलियन-कथांमध्ये गडबड कल्पनाशक्तीची नसते, क्रमाची असते. आधी चेहरा काढला जातो, मग एक भारदस्त नाव, मग साम्राज्य, मग शत्रू, आणि सगळ्यात शेवटी कुणीतरी विचारतं की हे राहतात कुठल्या ग्रहावर, तेव्हा घाईघाईत दोन सूर्य आणि जांभळं आकाश चिकटवून मोकळे होतात. मग पुढच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वेगळं शोधावं लागतं आणि ती उत्तरं एकमेकांशी भांडत बसतात. ताऱ्यापासून खाली शरीरापर्यंत आणि तिथून वर समाजापर्यंत असं गेलात तर निम्मी उत्तरं आपोआप पडत जातात. खाली तोच क्रम दिलाय, आणि समजायला सोपं जावं म्हणून एकच प्रजाती पहिल्यापासून शेवटपर्यंत घडवत नेतो. तिचं कामचलाऊ नाव वासुळ.

## बसण्याआधीची तयारी

एक वही घ्या आणि तिचे तीन भाग करा. पहिल्यात 'ठरलं', दुसऱ्यात 'त्यामुळे', तिसऱ्यात 'अजून ठरलं नाही'. नियम एवढाच की पहिल्या भागात एक ओळ लिहिली की दुसऱ्यात तिचे निदान तीन परिणाम लिहायचे, आणि ते लिहून होईपर्यंत पहिल्या भागात नवीन काही टाकायचं नाही. हे कंटाळवाणं वाटतं पण सगळं काम इथेच होतं. सोबत साधा कॅल्क्युलेटर लागेल, वर्गमूळ काढता आलं की पुरे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून टाका: तुमच्या जगात प्रकाशाच्या वेगाची मर्यादा मोडता येते का नाही. प्रकाश सेकंदाला साधारण ३ लाख किलोमीटर जातो आणि त्याहून जोरात काहीच जात नाही, निरोपसुद्धा नाही. मोडायची असेल तर खुशाल मोडा, पण ती तुमची एकमेव सूट धरा आणि तिची किंमत काय, ती कुणाच्या हातात आहे, हे लिहा. अर्ध्या कथेत मर्यादा पाळायची आणि कथानक अडलं की मोडायची असं केलंत तर वाचक तिथेच पुस्तक खाली ठेवतो. वासुळांसाठी मी मर्यादा पाळलीय.

## टप्पा १: तारा आणि ग्रह

तारा निवडताना पहिला प्रश्न आयुष्याचा. सूर्य साधारण ४६० कोटी वर्षांचा आहे आणि पृथ्वीवर विचार करणारा प्राणी यायला जवळपास तेवढाच वेळ लागला. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचा निळसर तारा काही कोटी वर्षांतच संपतो, म्हणजे त्याच्याभोवती प्राचीन संस्कृती वगैरे विसरा. दुसऱ्या टोकाला लाल बटू, म्हणजे सूर्याहून लहान आणि थंड तारे, आकाशगंगेतले बहुसंख्य तारे हेच, आणि त्यांचं आयुष्य लाखो कोटी वर्षांत मोजावं लागतं.

लाल बटू मंद असतो म्हणून पाण्याला द्रव राहायचं तर ग्रह त्याच्या फार जवळ लागतो. २०१६ मध्ये सापडलेला, प्रॉक्सिमा सेंटॉरी या लाल बटूचा ग्रह ११ दिवसांत एक फेरी मारतो. इतक्या जवळ असलं की बहुधा ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहते, जशी चंद्राची आपल्याकडे. मी वासुळांना असाच ग्रह दिला: वर्ष १४ दिवसांचं, एका बाजूला कायमचं ऊन, दुसऱ्या बाजूला कायमचा अंधार, आणि मध्ये ग्रहाला वेढणारा संधिप्रकाशाचा पट्टा जिथे तारा क्षितिजावर टेकून बसलाय आणि हलत नाही.

आता 'त्यामुळे'चा रकाना. दिवस-रात्र नाही, ऋतू जवळपास नाहीत. पट्ट्यातून तारे दिसत नाहीत, ते बघायला अंधाराच्या बाजूला थंडीत जावं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वारा. उन्हाखालची हवा तापून वर जाते, तिची जागा भरायला जमिनीलगत अंधाराकडून गार हवा येत राहते. वरच्या थरांत गुंतागुंत असते, पण जमिनीवर उभं राहणाऱ्याला सोपं चित्र एवढंच की वारा कायम एकाच दिशेने येतो, अंधारातून उजेडाकडे. आयुष्यभर. कधीच उलटा नाही. पुढचं सगळं मी या एका ओळीतून काढलंय.

गुरुत्वाकर्षण काढायला ग्रहाचं वस्तुमान पृथ्वीच्या पटीत घ्या आणि त्याला त्रिज्येच्या (तीही पृथ्वीच्या पटीत) वर्गाने भागा. वस्तुमान २ आणि त्रिज्या १.२५ असेल तर २ भागिले १.५६, म्हणजे साधारण १.२८. आपल्याकडे ५० किलो उचलणाऱ्याला तिथे ते ६४ किलोसारखं लागेल.

इथे चुकतं: लाल बटू म्हटलं की आकाश रक्तासारखं लाल रंगवलं जातं. या ताऱ्यांचं तापमान २५०० ते ३५०० अंशांच्या आसपास असतं, आणि जुन्या पिवळ्या बल्बची तार साधारण २७०० अंशांवर जळते. म्हणजे तो उजेड तुम्ही पाहिलेला आहे, उबदार पिवळट-केशरी. क्षितिजावर असल्यामुळे थोडा अजून तांबूस धरा.

चेक: पात्रांची वयं कुठल्या वर्षात मोजताय? १४ दिवसांच्या वर्षात २०० वर्षांचा 'म्हातारा' आपल्या हिशोबाने आठ वर्षांचासुद्धा होत नाही.

## टप्पा २: शरीर आणि इंद्रियं

शरीराच्या आकाराचा मुद्दा पटकन संपवतो. प्राणी दुप्पट उंच केला तर हाडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट. त्यामुळे मुंगी फुगवून हत्तीएवढी केली तर ती स्वतःच्या पायांवर उभी राहू शकत नाही, पायांची जाडी आणि श्वास घ्यायची पद्धत दोन्ही बदलावं लागतं. वासुळ १.२८ गुरुत्वाचे म्हणून बुटके, रुंद, जमिनीला धरून. चार पाय, पुढे दोन हात. सहाच्या जागी अकरा अवयव दिले म्हणून कुणी जास्त परका होत नाही.

परकेपणा येतो इंद्रियांतून, म्हणून इथे रेंगाळा. मुख्य इंद्रिय कुठलं ते ठरवा आणि त्याला चार प्रश्न विचारा: किती लांबून कळतं, किती वेगाने कळतं, किती वेळ टिकतं, आणि खोटं बोलता येतं का. आवाज हवेत सेकंदाला ३४० मीटर जातो आणि विरून जातो. वास वाऱ्याच्या वेगाने जातो, रेंगाळतो, आणि ज्याच्यावर बसला त्याला चिकटून राहतो. नर पतंग मादीचा वास शेकडो मीटरवरून पकडतो, फक्त वारा मादीकडून त्याच्याकडे यायला हवा.

वासुळ वासाने बोलतात. आता टप्पा १ मधला वारा इथे आणा. वारा एकाच दिशेचा, म्हणजे जो अंधाराच्या बाजूला उभा आहे तो बोलू शकतो आणि जो उजेडाच्या बाजूला आहे तो फक्त ऐकू शकतो. उत्तर द्यायचं तर उठून, वळसा घालून, बोलणाऱ्याच्या वर, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, जाऊन उभं राहावं लागतं. आई पिल्लांना कायम स्वतःच्या खाली ठेवते म्हणजे तिची हाक पोचते, आणि पिल्लाला भूक लागली तर ते आईच्या वर चढून जातं. मूल पहिल्यांदा न विचारता वर गेलं की ते मोठं झालं असं धरतात. हे सगळं मला शोधावं लागलं नाही, वारा आणि नाक जोडल्यावर ते समोरच होतं.

थांबा: मुख्य इंद्रिय बदललं की कथेतली क्रियापदं बदलतात. 'त्याने तिच्याकडे पाहिलं', 'नजर चोरली', 'कुजबुजला' असली वाक्यं शोधून काढा. वासुळ नजर चोरत नाही, तो वाऱ्यातून बाजूला सरकतो.

## टप्पा ३: जन्म, आयुष्य, मरण

हा टप्पा लोक उडवतात आणि मग समाज लटका पडतो. ऑक्टोपसचं उदाहरण घ्या. हुशार प्राणी, मज्जापेशी साधारण ५० कोटी, त्यातल्या दोन तृतीयांश हातांत. पण बहुतेक जाती एक-दोन वर्षं जगतात, एकेकटे राहतात, आणि अंडी फुटायच्या सुमाराला आई मरते. प्रत्येक पिल्लाला शून्यातून शिकावं लागतं. नुसत्या बुद्धीवर सभ्यता उभी राहत नाही, शिकलेलं पुढच्याला देण्याची सोय लागते.

म्हणून लिहा: आयुष्य किती, मुलं किती, त्यातली जगतात किती, कोण वाढवतं, म्हातारे काय करतात. वासुळांचं आयुष्य मी आपल्या हिशोबाने ९० वर्षं धरलं, पिल्लं दोन-तीन, आणि वाढवायचं काम आजी-आजोबांचं, कारण वाऱ्याच्या वरच्या जागेवर बसायचा मान त्यांचा आहे आणि हाक त्यांचीच सगळ्यांपर्यंत पोचते.

चेक: तुमच्या प्रजातीत एका पिढीने लावलेला शोध तिसऱ्या पिढीला कसा कळतो? एका वाक्यात उत्तर येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: लिखाण, मोजणी, वेळ

नवीन लिपीची अक्षरं काढत बसण्याआधी ती कशावर लिहिली जाते आणि किती टिकते ते ठरवा. वासुळ राळेत वास मिसळून त्याचे लेप करतात, वाचायचं असेल तेव्हा लेप थोडा गरम करतात. आता वासाचा गुण असा की हलके रेणू आधी उडून जातात आणि जड मागे राहतात. मी ठरवलं की त्यांच्या भाषेत विनंती, शंका, 'शक्य झालं तर' हे सगळे हलके वास आहेत आणि आज्ञा जड वास आहे. मग शंभर वर्षांनी उघडलेलं प्रत्येक जुनं पत्र हुकमासारखं वाचलं जातं. आजोबांनी लिहिलं होतं 'जमलं तर पूल बांधा' आणि नातवाने वाचलं 'पूल बांधा'. त्यांच्या इतिहासाचे अभ्यासक याच एका गोष्टीवरून आयुष्यभर वाद घालतात. ही ओळ वहीत लिहिताना मला माहीत नव्हतं की टप्पा ७ मध्ये ती सगळ्यात जास्त कामाला येणार आहे.

मोजणी पटकन: दहाचा पाया आपल्या बोटांमुळे आहे, बॅबिलोनियन साठात मोजायचे, तेव्हा तुमच्या प्रजातीला दहाच हवेत असं काही नाही. वेळेसाठी आकाशात काय हलतं ते बघा. वासुळांचा तारा हलत नाही, म्हणून ते शेजारच्या ग्रहांच्या फेऱ्या मोजतात, आणि त्या नीट बघायला अंधाराकडच्या काठावर राहावं लागतं. म्हणजे कॅलेंडर वरच्या काठवाल्यांच्या हातात.

## टप्पा ५: समाज, आणि त्यातली भांडणं

सगळ्यात मोठी चूक इथली. एक ग्रह, एक सरकार, एक धर्म, एक स्वभाव. 'ही योद्ध्यांची जमात', 'हे सगळे व्यापारी', 'यांना भावना नसतात'. अख्ख्या प्रजातीचा एकच स्वभाव असेल तर तुम्ही एकच पात्र लिहिलंय आणि त्याच्या कोट्यवधी प्रती काढल्यात.

उपाय साधा आहे. प्रजातीच्या शरीरातून येणारी एक अडचण घ्या आणि त्यावर निदान तीन प्रामाणिक मतं लिहा, अशी की तिन्ही बाजूंनी तुम्हाला मनापासून बोलता आलं पाहिजे. वासुळांची अडचण म्हणजे वरचा बोलतो आणि खालचा ऐकतो. वरच्या काठावरचे म्हणतात की वारा आम्ही बनवला नाही, जबाबदारी मात्र आमच्यावर आली, आमच्या तोंडून वाईट शब्द निघाला तर तो खाली सगळ्यांच्या घरात शिरतो, म्हणून आम्ही किती जपून बोलतो ते तुम्हाला काय कळणार. मधले म्हणतात पाळ्या लावा, दर काही वर्षांनी वस्त्या वर-खाली हलवा, आणि काही ठिकाणी हे खरंच चालतं पण हलण्यात निम्मं आयुष्य जातं. खालच्या काठावरचे म्हणतात भिंती बांधा, बंद खोलीत वारा नाही तिथे सगळे सारखे. त्यावर वरचे म्हणतात की बंद खोलीत सगळ्यांचे वास एकमेकांत मिसळतात, कुणाचंच कुणाला कळत नाही. आणि यात सगळ्यांचंच थोडं खरं आहे.

आपल्याकडे म्हणतात वारा वाहील तशी पाठ फिरवावी, म्हणजे संधिसाधूपणा. वासुळांच्या भाषेत पाठ फिरवण्याचा अर्थ काय होईल याचा विचार करा. वासाची ग्रंथी मागे असेल तर वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिलेला वासुळ ऐकतोही आणि पाठीमागच्यांशी बोलतोही. वाऱ्याकडे पाठ केली की तो ऐकायचं नाकारतो. असे दोन-चार वाक्प्रचार स्वतःच्या प्रजातीसाठी तयार करा, लांबलचक बनावट शब्दकोशापेक्षा ते जास्त उपयोगी पडतात.

## टप्पा ६: आगीपासून रॉकेटपर्यंत

पायऱ्या गाळू नका. आग हवी तर हवेत ऑक्सिजन हवा, साधारण १५-१६ टक्क्यांच्या खाली लाकूड पेटत राहत नाही. आग नाही तर भट्टी नाही, भट्टी नाही तर धातू नाही. बर्फाखालच्या समुद्रातले एलियन फार सुंदर कल्पना आहे पण पाण्यात ते लोखंड कसं वितळवतात हे सांगितल्याशिवाय त्यांना अंतराळयान देऊ नका.

मग ग्रह सोडणं. पृथ्वीवरून सुटायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो. वासुळांच्या ग्रहासाठी वस्तुमान २ भागिले त्रिज्या १.२५, त्याचं वर्गमूळ, गुणिले ११.२, म्हणजे १४.२. फरक तीनच किलोमीटरचा दिसतो पण रॉकेटचं गणित वाढत जाणारं असतं, हायड्रोजन-ऑक्सिजनच्या रॉकेटला सुरुवातीच्या आणि शेवटच्या वजनाचं गुणोत्तर जवळपास दुप्पट लागतं. म्हणजे वासुळ उशिरा उडाले, आणि उडण्याआधी रेडिओ फार जुना झाला होता. रेडिओ हे त्यांच्या इतिहासातलं पहिलं साधन ज्याने खालच्याला वरच्याशी बसल्या जागी बोलता आलं. फक्त त्यात वास नाही. आणि वास नसलेल्या शब्दावर सही नसते.

## टप्पा ७: ताऱ्यांच्या मधलं अंतर

कॅल्क्युलेटर परत काढा. व्हॉयेजर १ यान १९७७ मध्ये निघालं, सेकंदाला साधारण १७ किलोमीटर जातं, आणि सूर्याला सर्वांत जवळच्या ताऱ्याएवढं ४.२४ प्रकाशवर्षांचं अंतर तोडायला त्याला या वेगाने सत्तर हजारांहून जास्त वर्षं लागतील. प्रकाशाच्या १० टक्के वेग म्हटलं तर १ किलो वजनाला तो वेग द्यायला लागणारी ऊर्जा हिरोशिमावरच्या बॉम्बच्या साधारण सातपट आहे. हजार टनांच्या जहाजाचा हिशोब तुम्हीच करा, आणि पोचल्यावर थांबायलाही जवळपास तसाच खटाटोप आहे हे विसरू नका.

एवढा खर्च करून कुणी का जाईल? खनिजांसाठी नाही, ती आपल्याच ताऱ्याभोवती स्वस्तात मिळतात. 'तारा मरतोय' हे कारण लाल बटूला चालतच नाही. कारण प्रजातीच्या दुखण्यातून यायला हवं. वासुळांमधले खालच्या काठावरचे लोक गेले, कारण १२ प्रकाशवर्षांवर एक ग्रह सापडला जो स्वतःभोवती फिरतो. तिथे दिवस-रात्र आहे, आणि वारा फिरतो. सकाळी एका बाजूने, संध्याकाळी दुसऱ्या बाजूने. त्यांच्यासाठी ती स्वर्गाची व्याख्या होती.

प्रवास १२० वर्षं, म्हणजे निघालेला कुणीही पोचत नाही. जहाजात हवा पंख्याने फिरवावी लागते, आणि पंखा म्हटलं की वारा, आणि वारा म्हटलं की वर कोण बसणार. मी जहाजावरचा एकच प्रसंग लिहिला: चाळिसाव्या वर्षी रात्रपाळीची एक तंत्रज्ञ पंख्याची दिशा उलटी करते आणि कोपऱ्यातल्या घरातलं म्हातारं जोडपं, जे जन्मभर ऐकतच आलंय, ते स्वतःचाच वास दालनभर पसरताना बघून घाबरून भिंतीला चिकटून बसतं.

इथे चुकतं: जहाज वेगात असलं की वेळ आकुंचन पावतो म्हणून प्रवास सोपा, असं धरलं जातं. १० टक्के वेगाला १२० वर्षांत जहाजावरच्या घड्याळात फक्त सात महिन्यांचा फरक पडतो. खरा फरक ९० टक्क्यांपासून पुढे, ९० ला तो २.३ पट होतो.

आता निरोप. बातमी रेडिओने १२ वर्षांत जाते, प्रश्नोत्तराला २४. पण वासुळांचा कायदा रेडिओने जाऊ शकत नाही, त्याला वासाचा लेप लागतो, आणि लेप जहाजाने १२० वर्षांत जातो. म्हणजे नव्या ग्रहाला मायदेशात काय चाललंय ते एका पिढीच्या आत कळतं आणि त्यावरचा अधिकृत शब्द पाच पिढ्यांनी पोचतो. तोही जर डबा नीट सील नसेल तर हलके वास उडून गेलेला, नुसता हुकूम उरलेला.

चेक: तुमच्या सगळ्यात जवळच्या वसाहतीकडून उत्तर यायला लागणारा वेळ आणि एका व्यक्तीचं आयुष्य, दोन्ही आकडे शेजारी लिहा. उत्तराला आयुष्याचा चौथा हिस्सा लागत असेल तर एक सम्राट आणि एक आरमार असली रचना टिकत नाही. तिथे कायदा, सण, भाषा यांतलं काय सारखं राहील आणि काय फुटेल ते वेगळं लिहावं लागेल.

## टप्पा ८: तपासणी

पहिली परीक्षा: कथेतल्या एलियनच्या जागी माणूस ठेवून प्रसंग वाचा. काहीच अडलं नाही तर टप्पा २ ला परत जा. दुसरी: पहिल्या भागातली एक ओळ खोडा, समजा वारा फिरता केला, आणि बघा किती गोष्टी कोसळतात. वासुळांचं जवळपास सगळं कोसळतं, म्हणजे जोडणी घट्ट आहे. दोनच गोष्टी कोसळल्या तर बाकीचं नुसतं शेजारी ठेवलेलं होतं.

तिसरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो: साम्राज्य, युद्ध, शोध यातलं काहीही न आणता एका सामान्य व्यक्तीच्या साध्या दिवसाचं एक पान लिहा. नव्या ग्रहावरची पाचवीतली मुलगी, वारा फिरायच्या वेळी घरातले सगळे अंगणात जागा बदलतात, ती मात्र कंटाळून तिथेच बसून राहते, कारण तिला वर आणि खाली म्हणजे काय हेच कळत नाही, आणि आजी तिला समजावायला जाते तर वारा मध्येच पडतो. हे पान लिहिताना ज्या प्रश्नांवर अडलात ते तिसऱ्या भागात, 'अजून ठरलं नाही'खाली लिहा. माझ्या वहीत तिथे सध्या नऊ प्रश्न आहेत, त्यातला पहिला असा की वारा पडलेला असताना वासुळ एकमेकांशी नेमकं काय करतात.